स्क्रीनकडे पाठ

भिवंडीजवळच्या कोन गावात दादांना थोडं अर्धवटच समजायचे. त्यांच्या घरची भातशेती जाऊन तिथं गोदामं उभी राहिली, चुलतभाऊ मोठ्या गाड्या घेऊन फिरू लागले, आणि पन्नाशी उलटलेला हा माणूस मात्र रोज सकाळी तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी डब्यात घालून, जुन्या स्कूटरवरून शेजारच्या वळ गावी नोकरीला जायचा. तेही सॉफ्टवेअरच्या. एकदा आम्ही, त्यांच्या हाताखाली काम करणारी पोरं, त्यांच्या घरी हळदीला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या वहिनी आमच्यासमोरच म्हणाल्या, "घरात भाडं येतं, आनि ह्यो दुसऱ्याकडं राबाला जातो. न्हाय ती हौस."

दादा पानावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "भाडं खायाला डोकं लागत न्हाय, वहिनी. मंग त्या डोक्याचं काय करू?"

आमचं ऑफिस वळच्या एका मोठ्या गोदामाच्या पोटमाळ्यावर होतं. गोदामवाल्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर बनवायचो. माल कधी आला, कुठल्या रॅकवर ठेवला, आधी कुठला निघायला हवा, असली कामं. वर पंख्याखाली आम्ही मोजकी माणसं आणि खाली दिवसभर हमालांच्या हाका. नवीन माणूस आला की त्या आवाजानं वैतागून कानात काहीतरी घालून बसायचा. दादा ते काढायला लावायचे. म्हणायचे, "खाली काय चाललंय ते ऐक. त्याचंच तर लिहितोस."

मी अंबाडी गावाहून मुलाखतीला गेले तेव्हा पाटी कोरी नव्हती. कॉलेजात शिकलेलं सगळं घोकून गेले होते. दादांनी त्यातलं एक अक्षर विचारलं नाही. म्हणाले, "अंबाडीवरनं हितं आलीस कशी?"

"बसनं भिवंडी. मग रिक्षा."

"बस आलीच नसती तर?"

"टमटम पकडली असती."

"रस्त्यात ट्रक आडवा झाला असता तर?"

"उतरून चालत पुढं गेले असते. पुढं दुसरं काहीतरी मिळतं."

"रिक्षावाला अर्ध्यात उतर बोलला तर? पत्ता चुकीचा असता तर? फोन बंद पडला असता तर?"

हे बराच वेळ चाललं. शेवटी माझा संयम सुटला. मी म्हटलं, "मग घरी परत गेले असते, आणि कुणाचा तरी फोन मागून तुम्हाला कळवलं असतं की मी येत नाही."

दादांनी टेबलावर थाप मारली. "हां! कळवलं असतंस. बंद पडायचं तर सांगून पडायचं, बाय. न सांगता बंद पडतो, तो घात करतो." मुलाखत संपली. नोकरी मिळाली, पण ती कशाबद्दल मिळाली हे मला बरेच दिवस कळलं नव्हतं. घरी आईनं विचारलं, "काय विचारलं गं?" तर मी म्हटलं, "बसचं टाइमटेबल."

त्यांची सगळ्यात विचित्र सवय म्हणजे खुर्ची. तुम्ही काही काम पूर्ण केलंत आणि दाखवायला त्यांना बोलावलंत, की ते स्वतःची खुर्ची ओढत आणायचे आणि तुमच्या स्क्रीनकडे पाठ करून बसायचे. तोंड भिंतीकडे. "मना दाखवू नको. सांग."

पहिल्यांदा फार चमत्कारिक वाटायचं. बोट दाखवायला काही नाही, 'हे असं, मग हे तसं' म्हणायची सोय नाही. जे काही केलंय ते साध्या मराठीत त्या पाठमोऱ्या माणसाला सांगायचं. ते मध्येच मान हलवायचे, मध्येच "का?" म्हणायचे. त्यांच्या त्या एका "का"ला उत्तर नसलं की आपलं आपल्यालाच कळायचं. ते ओरडत नसत. उठून खुर्ची परत न्यायचे, बस्स.

संध्याकाळी निघताना विचारायचे, "आज काय काढलंस?" काय लिहिलंस हे नव्हे, काय काढून टाकलंस. एका गिऱ्हाईकाला रोजचे ढीगभर रिपोर्ट हवे होते. दादा त्याच्या गोदामात गेले, तिथल्या प्रत्येकाला "ह्यातलं तू काय वाचतोस?" असं विचारत फिरले, आणि परत येऊन एकच रिपोर्ट ठेवला. गिऱ्हाईक आधी रुसलं. नंतर त्यानं दिवाळीला मिठाई पाठवली.

मग एआय आलं.

आमच्याकडे सगळ्यांना नोकरीची काळजी लागली. फैजान सोडून. फैजान भिवंडीचाच. त्याचे वडील उर्दू शाळेत मास्तर होते, चुलते लूमवर, म्हणजे यंत्रमागावर. तो आमच्यात सगळ्यात चलाख. त्यानं पहिल्याच आठवड्यात एआयकडून असं काही करून घेतलं, की जे करायला आम्हाला महिना लागला असता. आम्हाला वाटलं, जुन्या वळणाचे दादा नाक मुरडतील. पण ते एखाद्या पोरासारखे खुश झाले. दिवसभर त्या एआयशी गप्पा मारायचे, मराठीतून. दोन बोटांनी टाइप करत. आणि त्यांनी त्याचं नाव ठेवलं, जावईबापू.

"असं का म्हणता?" मी विचारलं.

"बघ ना. गोड बोलतो. काय बी सांगा, न्हाय म्हनत न्हाय. चांगला शिकलेला हाय. फकस्त ह्या घरात नवीन हाय. पावसात कुठं गळतं, कंची फळी दुखरी, ते त्याला कुनी सांगितलेलं न्हाय. आनि तो बी इचारत न्हाय."

फैजानचं ते काम बघायला दादा आले. तोंडभरून कौतुक केलं. मग खुर्ची फिरवली. "आता सांग."

फैजान म्हणाला, "दादा, चलता है ना. चालवून बघा."

"चालतं तर हायच. का चालतं?"

फैजाननं सुरुवात केली आणि तिसऱ्या-चौथ्या वाक्याला अडला. स्क्रीनकडे बघून वाचायला लागला, तर दादा म्हणाले, "ते तुझं न्हाय रं अजून. जावयाचं हाय. उद्या तुझं करून आन."

फैजान चिडला होता. मला जिन्यात म्हणाला, "टाइम वेस्ट. दुनिया कहाँ से कहाँ गई, आणि हे उलटे बसलेत." पण दुसऱ्या दिवशी तो लवकर आला, आणि सगळी सकाळ त्यानं दादांच्या पाठीला आपलं काम समजावून सांगितलं. सांगता सांगताच त्याला त्यातला मोठा तुकडा बिनकामाचा सापडला. तो त्यानं स्वतःच उडवला. दादांनी त्या दिवशी आपल्या डब्यातली अर्धी भाकरी त्याला दिली.

आम्ही घाबरलेली पोरं त्यांना विचारायचो, "दादा, आपली कामं राहतील का?" ते खोटा धीर देत नसत. "काही जातील," म्हणायचे. तरुणपणी ते कल्याणला क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकले होते, लूमवाल्यांच्या हिशेबाचे प्रोग्रॅम लिहायचे. तेव्हाची ती भाषा आता कुणाला नावानंही आठवत नाही. "माझी किती हत्यारं गंजली, ते मनाच म्हाईत. दर वेळी वाटतं, आता संपलो. मंग गोदामात जाऊन हुभा ऱ्हातो, तर तिथं कुनीतरी डोकं धरून बसलेलाच असतो. त्याची अडचन काय ते समजून घ्यायला कुनीतरी लागतोच ना?"

हे ऐकून बरं वाटायचं. पण आमच्या मालकांना ते ऐकवायला कुणी नव्हतं.

मालक तरुण होते, माणूस वाईट नव्हता. मुंबईत कुठल्याशा कार्यक्रमात त्यांनी एका माणसाला जेवणाच्या सुट्टीत अख्खं ॲप उभं करताना पाहिलं होतं. परत आल्यावर त्यांनी आम्हाला बोलावलं. म्हणाले, "यापुढे कोडचं काम दादा आणि एआय बघतील. बाकीच्यांनी खाली गोदामात गिऱ्हाईकांना मदत करायची. तीन महिने करून बघू." तीन महिन्यांनंतर काय, हे त्यांनी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मी दादांकडे बघितलं. वाटलं, आता ते काहीतरी बोलतील. दादा म्हणाले, "करून बघू."

मला त्यांचा फार राग आला. जिना उतरताना फैजान म्हणाला, "देखा? शेवटी सगळे सारखे." मी त्याला गप्प बसवलं नाही.

खालच्या गोदामात एका औषध वितरकाची थंड खोली होती. मोठी, जाड दरवाजाची. तिच्यात इन्सुलिन आणि इतर जपायची औषधं असायची. आमचं सॉफ्टवेअर त्या खोलीचं तापमान बघायचं. हद्दीबाहेर गेलं, की त्या पेट्या आपोआप अडकवून ठेवायचं, म्हणजे त्या गाडीवर चढूच शकत नसत. दादांनी हे काम नव्यानं, जावयाला हाताशी धरून, एकट्यानं केलं होतं. चटकन झालं. मी अधूनमधून वर जायचे तेव्हा दिसायचं, दादा तल्लीन होऊन स्क्रीनकडे तोंड करून बसलेले असायचे. माझी आणि फैजानची खुर्ची कोपऱ्यात एकावर एक चढवून ठेवली होती.

एका सकाळी मी कामावर आले तर वॉचमन म्हणाला, "काल शामको लाइट गया था मॅडम. बहुत देर. जनरेटर भी नखरा कर रहा था." भिवंडीत लाइट जाणं ही काही बातमी नव्हे. मी थंड खोलीबाहेरच्या स्क्रीनवर नजर टाकली. सगळ्या पेट्या हिरव्या. गाडी लागली होती, हमाल पेट्या चढवत होते. कालच्या तापमानाची रेघही छान होती. सकाळभर थोडी वरखाली, आणि संध्याकाळी एकदम सरळ. पट्टीनं आखल्यासारखी.

मी तिथंच थबकले. माझ्या आईला साखर आहे. अंबाडीला आमच्याकडे लाइट गेली, की ती पहिली फ्रिजपाशी जाऊन उभी राहते आणि कुणाला दार उघडू देत नाही. आत तिचं इन्सुलिन असतं. फार वेळ लाइट आली नाही, तर ती ते गार पाण्याच्या माठापाशी नेऊन ठेवते, आणि दर थोड्या वेळानं जाऊन हात लावून बघते. आमच्या घरी ज्या संध्याकाळी लाइट जाते, ती संध्याकाळ कधीच सरळ रेघेसारखी जात नाही.

मी वर गेले. दादा एकटेच होते.

"दादा, थंड खोलीचं वाचन कसं धरता?"

"ये, दाखवतो."

"दाखवू नका. सांगा." मी कोपऱ्यातली खुर्ची ओढली आणि त्यांच्या स्क्रीनकडे पाठ करून बसले.

दादा हसले. त्यांना गंमत वाटली. मग सांगायला लागले. "सेन्सर दर थोड्या वेळानं आकडा पाठवतो. आकडा आला की बघायचं. हद्दीभाईर असला की पेट्या अडकवायच्या."

"आकडा आलाच नाही तर?"

"कवा कवा वाय-फाय रुसतं. तवा मागचा आकडा धरायचा. जावईबापूनंच सुचवलं. मना बी बरं वाटलं, उगा पेट्या अडकून ऱ्हात न्हाईत."

"वाय-फाय सोडून आणखी कधी कधी आकडा येत नाही?"

"वायर सुटली तर. सेन्सर बिघडला तर..." माझ्या पाठीमागे त्यांचा आवाज थांबला. खालून हमालांचा आवाज येत होता. मग ते अगदी हळू म्हणाले, "लाइट गेली तर."

सेन्सर गोदामाच्याच लाइनवर होता. लाइट गेली की तोही गेला, आणि आमचं सॉफ्टवेअर आपलं शेवटचा गार आकडा धरून बसलं.

"काल किती वेळ गेली व्हती?"

"वॉचमन म्हणतो, संध्याकाळी बराच वेळ."

दादा उठले ते चपला न घालताच जिना उतरले. मी मागे धावले. गाडी अर्धी भरली होती. दादा गाडीच्या फळीवर चढून उभे राहिले आणि म्हणाले, "बंद करो भाई. सब नीचे उतारो."

ड्रायव्हर भडकला. "चाचा, आधी गाड़ी भर गई है. किसने बोला उतारने को?"

"मैं बोल रहा हूँ. गलती मेरी है. उतारो."

त्यांनी तिथूनच मालकांना फोन लावला. पलीकडून मोठमोठ्यानं बोलणं ऐकू येत होतं. गिऱ्हाईक जाईल, आधी खात्री करा, मग अडवा. दादा एवढंच म्हणत राहिले, "खात्री न्हाय, म्हनूनच अडवतोय."

वितरकाचा माणूस आला. पेट्यांच्या आत औषध कंपनीनं स्वतःचं एक छोटं, बॅटरीवर चालणारं यंत्र ठेवलेलं असतं, तापमानाची नोंद ठेवणारं. त्यानं पेट्या उघडून एकेक बघायला घेतलं. आतल्या बाजूच्या पेट्या बऱ्या होत्या. दरवाजाजवळच्या, वरच्या रॅकवरच्या तापल्या होत्या. त्यातल्या काही गाडीत चढल्याही होत्या. त्या सगळ्या बाजूला काढल्या. मी त्यातली एक बाटली उजेडात धरून बघितली. पाण्यासारखी स्वच्छ. खराब झालेलं आणि चांगलं, दोन्ही दिसायला तसंच. ज्यानं टोचून घेतलं असतं त्याला काहीच कळलं नसतं, फक्त साखर उतरली नसती आणि घरचे म्हणाले असते, गुपचूप गोड खाल्लं असणार.

दादा पायरीवर बसून होते. अनवाणी. कुणी पाणी आणून दिलं, ते त्यांनी तसंच हातात धरलं होतं.

दुपारी मालक आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि जरा आशेनंच विचारलं, "म्हणजे एआयनं चूक केली?"

"न्हाय," दादा म्हणाले. "त्याला भिवंडीची लाइट कुठं म्हाईत? मना म्हाईत हाय. जन्म गेला माझा हितं. चूक माझी."

"मग तुम्ही बघायला नको होतं का?"

"बघितलं ना." दादांनी हातातलं पाणी खाली ठेवलं. "एकट्यानं बघितलं. मना वाटलं जमंल. मी सगळ्यांना भिंतीकडं तोंड करून ऐकतो, पन माझं ऐकायला कुनीच नव्हतं. ह्या पोरांना खाली पाठवलंत तवाच मी बोलाला पायजे व्हतं. न्हाय बोललो. मना हौस आली व्हती, एकट्यानं करून दाखवायची."

 मालक बाजूला काढलेल्या पेट्यांपाशी गेले आणि एकेक मोजायला लागले.

दुसऱ्या दिवशी मालकांनी आम्हाला परत वर कामावर बोलावलं. थंड खोलीचं काम दादांनी माझ्याकडे दिलं. आता आकडा आला नाही, की पेट्या अडकतात आणि भोंगा वाजतो. सेन्सरला वेगळी बॅटरी बसवली. तेव्हापासून पद्धत पडली की लिहिलं कुणीही असो, माणसानं किंवा एआयनं, एकानं सांगायचं, दुसऱ्यानं पाठ करून ऐकायचं, मगच ते गिऱ्हाईकाकडे जाणार. यात दादांनाही सूट नव्हती. पहिल्यांदा त्यांचं ऐकायला फैजान बसला, आणि त्यानं इतके "क्यों" विचारले, की दादांना घाम फुटला.

सगळं काही गोड झालं असं मात्र नाही. तो वितरक करार संपल्यावर दुसरीकडे गेला. मालकांच्या वागण्यात दादांबद्दल थोडी अढी राहिली ती राहिलीच. आमच्यातल्या एकाला पुढे कामावरून काढलंही. फैजान पुण्याला चांगल्या जागी लागला. मुलाखतीत त्याला विचारलं होतं, एआयनं लिहून दिलेलं बरोबर आहे हे तू कसं ठरवतोस. त्यानं भिंतीकडे तोंड करणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली म्हणे. आणि पुढच्या वर्षी दादांनीच नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाले, "आता मना सगळे मान देतात. चूक कुनी काढत न्हाय. कटाळा येतो."

त्यानंतर बरेच महिने भेट नव्हती. परवा भिवंडीच्या बाजारात काही घ्यायला गेले होते. एका बेकरीसमोर गर्दीच्या मधोमध दादा उभे दिसले, मान वर करून. मी हाक मारली तर हातानंच थांब म्हणाले. दुकानावर उर्दू पाटी होती. दादा उजवीकडून डावीकडे एकेक अक्षर लावत होते, ओठ हलवत.

"नान... नान ख... खत्ती."

गल्ल्यावरचा माणूस हसू दाबत होता. "खताई, चाचा. नानखताई."

"खताई?" दादा पुढे झाले. "वो आखिर में क्या है? फिर से बताओ."

त्या माणसानं काउंटरवरच्या पिठात बोटानं अक्षर काढून दाखवलं. दादांनी शेजारी तसंच काढायचा प्रयत्न केला, ते उलटं झालं, आणि दोघेही मोठ्यानं हसले. मग माझ्याकडे वळून मला सांगायला लागले, की फैजानच्या वडिलांकडे उर्दू शिकायला जातात, आठवड्यातून दोनदा, मास्तर फार कडक आहेत, गृहपाठ देतात, आणि वर्गातल्या लहान पोरी यांच्या अक्षराला हसतात.

"ह्या वयात कशाला, दादा?"

"काय येत न्हाय ते करून बघतोय, बाय. जमत न्हाय अजाबात." त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

बेकरीवाला म्हणाला, "चाचा, बगलवाली दुकान की पाटी मत पढ़ना. वो बहुत मुश्किल है."

"किधर?" दादांनी विचारलं, आणि हातातली नानकटाईची पुडी मला धरायला देऊन ते शेजारच्या दुकानाकडे निघालेसुद्धा.